वाचल्याविना दिलेली संमती : पैशांच्या ॲपमधील सक्तीचे लवादकलम



या स्मृतिव्याख्यानात आजवर इतिहास, साहित्य, संगीत आणि समाजसुधारणा या विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. त्या मालिकेत एका रूक्ष कायदेशीर कलमावर बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणे होय, याची मला जाणीव आहे. तरीही हा विषय निवडला, याचे कारण असे की, या सभागृहातील बहुतेकांच्या खिशात असले एखादे कलम आहे आणि त्याला आपण संमती दिली आहे हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. वेळेअभावी भाषणात गाळलेले काही मुद्दे या लेखरूपात घेतले आहेत.

इंदूरच्या सराफ्यात रात्री गराडूची प्लेट खाऊन तिचे पैसे मोबाईलवरून चुकते करणारा गृहस्थ आपण कोणाशी करार केला आहे असे मुळीच मानीत नाही. वस्तुतः त्याने करार केलेला असतो, आणि तोही बराच लांबलचक. ॲप प्रथम उघडताना अटी मान्य असल्याच्या चौकटीवर त्याने बोट टेकलेले असते. त्या अटी छापून काढल्या तर आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालाएवढी पुस्तिका व्हावी. तिच्या अखेरीस, कंपनीच्या जबाबदारीच्या मर्यादा सांगणाऱ्या परिच्छेदांच्या शेजारी, पुष्कळदा लवादाचे कलम बसलेले असते. त्याचा आशय साधारण असा : या सेवेसंबंधी तुमच्यात व कंपनीत वाद उद्भवल्यास तो न्यायालयात न नेता लवादापुढे नेला जाईल, लवादाचे ठिकाण अमुक शहर राहील, आणि त्याचा निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील. अमेरिकेतील करारांत याला जोडून आणखी एक वाक्य येते, आणि माझ्या मते सर्व कलमाचा जीव त्या एका वाक्यात आहे. ते असे की, तुम्ही इतर ग्राहकांबरोबर एकत्र येऊन सामूहिक दावा लावणार नाही.

लवाद ही गोष्ट मुळात वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मराठी माणसाला तर ती परकीही नाही. मराठेशाहीत दिवाणी तंट्यांचा निवाडा बहुधा गोतसभेत किंवा पंचायतीत होई. पंच जो निर्णय देतील तो मान्य करू, असे वादी-प्रतिवादी लिहून देत. त्या लेखाला राजीनामा म्हणत. आज राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद झाला आहे, पण मूळचा तो राजी असल्याचा, संमतीचा कागद. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीच्या उणिवा मांडूनही तिचे महत्त्व मान्य केले आहे. मुंबई इलाख्यात १८२७ च्या सातव्या रेग्युलेशनाने लवादाला कायद्याची चौकट मिळाली. पुढे १८७० च्या दशकात सार्वजनिक काका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद न्यायालय निघाले. कोर्टाचा खर्च आणि खेटे यांतून लोकांची सुटका व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

त्या पंचायतीत आणि आजच्या कलमात नाव सोडले तर साम्य थोडे आहे. पंच दोन्ही पक्षांच्या परिचयाचे असत आणि दोघांच्या पसंतीने बसत. विशेष म्हणजे राजीनामा लिहिला जाई तो तंटा उभा राहिल्यानंतर. आपण कशावर पाणी सोडीत आहोत हे लिहून देणाऱ्याला नेमके ठाऊक असे. ॲपच्या करारात संमती घेतली जाते ती वादाची कल्पनाही नसताना. कोणता वाद, किती रकमेचा, कोणापुढे, याची काहीच माहिती नसलेल्या माणसाकडून न्यायालयाचा दरवाजा आधीच लावून घेतला जातो.

या कलमाची खरी जन्मभूमी अमेरिका होय, म्हणून तेथील हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. आपल्या शाळेचे पुष्कळ माजी विद्यार्थी आणि त्यांची मुलेबाळे आज त्या देशात नांदत असल्याने ती केवळ परदेशची बातमीही नाही.

अमेरिकेचा संघीय लवाद कायदा १९२५ चा. दोन व्यापाऱ्यांनी परस्परांतील वाद लवादाने मिटविण्याचे ठरविले, तर न्यायाधीशांनी नाके न मुरडता तो करार इतर करारांप्रमाणेच मानावा, एवढाच त्याचा मूळ रोख होता. कापसाचा दलाल आणि गिरणीमालक हे त्या कायद्यापुढचे चित्र. बँकेत खाते उघडणारी शिक्षिका त्या चित्रात नव्हती. परंतु १९८० च्या दशकापासून तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ उत्तरोत्तर विस्तारीत नेला. १९८४ च्या एका निकालाने हा कायदा राज्यांच्या न्यायालयांनाही लागू ठरला, आणि मग ग्राहकांच्या छापील करारांत लवादाचे कलम घालण्याची प्रथा पसरत गेली.

पैशांच्या देवघेवीच्या सेवेबाबतचा पहिला लक्षणीय निकाल २००२ चा आहे. पेपाल ही कंपनी तेव्हा बाल्यावस्थेत होती. आपली खाती गोठविली गेली, पैसे अडकले आणि दाद लागत नाही, अशी तक्रार घेऊन काही ग्राहक कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात गेले. कंपनीने लवादकलम पुढे केले. न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी कराराची बारकाईने छाननी केली, आणि ती छाननी आजही वाचण्याजोगी आहे. करार कंपनीने लिहिलेला. ग्राहकाला तो घ्या किंवा सोडा एवढाच पर्याय. कंपनी तो आपल्या मर्जीने केव्हाही बदलू शकत होती. लवादासाठी देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील ग्राहकाने कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत यावयाचे, आणि सरासरी व्यवहार होता सुमारे ५५ डॉलरचा! अनेक ग्राहकांच्या तक्रारी एकत्र करण्यास मनाई होती. याउलट कंपनीला मात्र कोणाकडेही न जाता खाते गोठवून पैसे स्वतःपाशी ठेवून घेता येत होते. अशा एकतर्फी कलमाला न्यायालय बळ देणार नाही, असे फोगेल यांनी ठरविले. ते प्रकरण २००४ मध्ये सुमारे साडेब्याण्णव लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले.

या निकालातील खाते गोठविण्याचा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दुकानातून आणलेली वस्तू बिघडली तर वस्तू आपल्याजवळ असते आणि पैसे दुकानदाराकडे. पैशांच्या ॲपमध्ये वादाच्या काळात पैसा बहुधा कंपनीच्याच ताब्यात असतो. त्यामुळे दाद मागण्याची सर्व यातायात ग्राहकाने करावयाची, आणि विलंब झाला तर झळ त्यालाच लागायची. लवाद जलद असतो म्हणून तो ग्राहकाच्या हिताचा, हा युक्तिवाद ऐकताना घड्याळ कोणाविरुद्ध चालले आहे हे पाहावे.

फोगेल यांच्या निकालाचा पाया २०११ मध्ये डळमळला. निमित्त होते मोबाईल फोनचे. एका दांपत्याला फुकट म्हणून दिलेल्या फोनवर ३० डॉलर २२ सेंट विक्रीकर आकारला गेला. इतरांचीही तीच तक्रार असल्याने सामूहिक दाव्याचा प्रश्न आला. ग्राहकांना अल्प रकमांनी नाडले जात असेल, तर सामूहिक दावा नाकारणारे कलम अन्यायकारक मानावे, असा कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा नियम १९२५ च्या कायद्याच्या आड येतो म्हणून बाजूला सारला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्कालिया यांचे. खुद्द त्या कंपनीचे कलम पुष्कळच उदार होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे : लवादाचा खर्च कंपनी सोसणार होती, आणि कंपनीने देऊ केलेल्या रकमेहून अधिक रक्कम लवादाने दिली, तर ग्राहकाला किमान साडेसात हजार डॉलर मिळणार होते. पण भिन्नमत नोंदविणाऱ्या न्यायमूर्ती ब्रायर यांचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. तीस डॉलरसाठी एकट्याने झगडण्यास कोणता समजूतदार माणूस उभा राहील, आणि कोणता वकील त्याचे प्रकरण हाती घेईल? लाखो लोकांकडून तीस-तीस डॉलर घेतले गेले, तर सामूहिक दाव्याला पर्याय म्हणून लाखो स्वतंत्र दावे येत नाहीत, एकही येत नाही.

ही केवळ तर्काने केलेली मांडणी नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेत ग्राहक वित्त संरक्षण कार्यालय स्थापन झाले, आणि त्याच्या २०१५ च्या अहवालात या विषयाची आकडेवारी आली. आगाऊ पैसे भरून वापरावयाच्या कार्डांच्या तपासलेल्या करारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक करारांत लवादकलम होते. क्रेडिट कार्डाच्या करारात हे कलम असलेल्या ग्राहकांपैकी सात टक्क्यांहूनही कमी लोकांना आपण न्यायालयात जाऊ शकत नाही हे माहीत होते. अभ्यासलेल्या सहा वित्तीय सेवांबाबत देशातील प्रमुख लवादसंस्थेकडे वर्षाकाठी सुमारे ६०० प्रकरणे येत, आणि ग्राहकाची मागणी एक हजार डॉलर किंवा त्याहून कमी आहे अशी प्रकरणे अवघी २५ च्या आसपास! तीस कोटींहून अधिक वस्तीच्या देशात अल्प रकमेची तक्रार घेऊन लवादाच्या पायऱ्या चढणारी माणसे वर्षाला दोन डझन. याउलट पाच वर्षांत झालेल्या सामूहिक दाव्यांच्या तडजोडींत सुमारे १६ कोटी ग्राहक दिलासा मिळण्यास पात्र ठरले होते. त्यातील पुष्कळ लाभ वकिलांच्या फीमध्ये जातो आणि प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याला थोडेच येते, हा कंपन्यांचा आक्षेप निराधार नाही. पण थोडे मिळणे आणि काहीच न मिळणे यांत फरक आहे. शिवाय सामूहिक दाव्याच्या धाकाने कंपनी आपली रीत सुधारते, हा लाभ कोणत्याच आकडेवारीत दिसत नाही.

पंचाच्या निःपक्षपातीपणाचा प्रश्न तेथे एकदा फारच उघडा पडला. नॅशनल आर्बिट्रेशन फोरम ही संस्था क्रेडिट कार्डाच्या थकबाकीची प्रकरणे मोठ्या संख्येने चालवीत असे. तिचे वसुली करणाऱ्या उद्योगाशी आर्थिक लागेबांधे असल्याचा आरोप करून मिनेसोटा राज्याच्या महाधिवक्त्यांनी जुलै २००९ मध्ये दावा लावला, आणि काही दिवसांतच ग्राहकांची नवी प्रकरणे घेणे थांबविण्याचे त्या संस्थेने कबूल केले. सर्वच लवादसंस्था अशा असतात असे मला सुचवावयाचे नाही. पण ग्राहक आयुष्यात एकदा येतो आणि कंपनी वर्षाला शंभर वेळा येते. अशा व्यवस्थेत पंच कितीही सचोटीचा असला, तरी त्याचे घर कोणाच्या कामावर चालते हा प्रश्न उरतोच.

त्या कार्यालयाने जुलै २०१७ मध्ये नियम केला. लवाद बंद करण्याचा तो नव्हता. सामूहिक दाव्याला मज्जाव करण्यासाठी लवादकलमाचा वापर करू नये, एवढेच त्यात होते, आणि पैसे ठेवणाऱ्या व पाठविणाऱ्या सेवाही त्याच्या कक्षेत येत होत्या. नियमाचे पालन सक्तीचे होण्यापूर्वीच काँग्रेसने तो रद्द केला. सिनेटमध्ये पन्नास-पन्नास अशी बरोबरी होऊन उपाध्यक्ष पेन्स यांच्या निर्णायक मताने ठराव मंजूर झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. अशा रीतीने रद्द झालेला नियम नव्या कायद्याशिवाय त्याच स्वरूपात पुन्हा करता येत नाही. मनात आणले तर तेथील विधिमंडळ वेगळे वागू शकते, हेही खरे : लैंगिक अत्याचार व छळ यांच्या तक्रारी सक्तीच्या लवादातून २०२२ मध्ये कायद्याने वगळल्या गेल्या.

यानंतर जे घडले त्यात थोडा विनोदही आहे. सामूहिक दाव्याला बंदी म्हणजे प्रत्येकाचा लवाद स्वतंत्र, आणि ग्राहकांच्या किंवा कामगारांच्या लवादाची बरीचशी फी कंपनीनेच भरावयाची. वकिलांनी हेच शस्त्र उलटे धरले. घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या डोअरडॅश या कंपनीच्या हजारो कामगारांनी एकाच वेळी स्वतंत्र लवादाची मागणी केली. सुमारे ९५ लाख डॉलर फी भरण्याची पाळी येताच कंपनीला एकत्र सुनावणीचे गुण दिसू लागले! फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी ५,०१० प्रकरणांत कंपनीला तिच्याच कलमाप्रमाणे लवादाकडे जाण्याचा आदेश दिला आणि या विरोधाभासावर खरमरीत ताशेरेही ओढले. ॲमेझॉनपुढे अशी ७५ हजारांहून अधिक प्रकरणे आली, तेव्हा तिने २०२१ मध्ये आपल्या ग्राहककरारातून लवादकलम काढूनच टाकले. इतर कंपन्यांनी मात्र धडा वेगळा घेतला : अशी प्रकरणे तुकड्यातुकड्यांनीच चालतील, असे नवे पोटकलम त्यांनी घातले.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी येथे एक उपयुक्त गोष्ट सांगतो. पेपाल आणि तिच्याच मालकीचे व्हेन्मो यांच्या अमेरिकी करारांत लवाद नाकारण्याची एक खिडकी ठेवलेली आढळते. प्रथम करार मान्य केल्यापासून ३० दिवसांच्या आत, ठरलेल्या पत्त्यावर, टपालाने सहीचे पत्र धाडावयाचे. एका स्पर्शाने पैसे सातासमुद्रापार धाडणाऱ्या सेवेला नकार कळविण्यासाठी मात्र लिफाफा आणि तिकीट लागते, यावरून ती खिडकी किती लोकांसाठी ठेवली असेल हे समजावे. तथापि जो नवे खाते उघडत असेल त्याने ते पत्र अवश्य पाठवावे. सेवा त्यामुळे बंद होत नाही. शिवाय लहान रकमांचे दावे चालविणाऱ्या स्थानिक न्यायालयात एकट्याने जाण्याची मुभा या करारांत सहसा राखलेली असते.

युरोपने निराळी वाट धरली. ग्राहकाला केवळ लवादाकडेच ढकलणारी अट अन्यायकारक ठरू शकते, असे युरोपीय समुदायाच्या १९९३ च्या निर्देशातच नमूद आहे. ब्रिटनमध्ये पाच हजार पौंडांपर्यंतच्या मागणीत असे कलम ग्राहकावर बंधनकारक नसते.

आता आपल्याकडे वळू.

भारतात लवादाचे कायदे १८९९, १९४० आणि १९९६ असे टप्प्याटप्प्याने झाले. १९४० च्या कायद्याखाली कज्जे इतके लांबले की, वकिलांना हसू आणि कायद्याच्या तत्त्वज्ञांना रडू यावे अशा आशयाचा शेरा सर्वोच्च न्यायालयानेच १९८१ मध्ये मारला होता. १९९६ चा कायदा त्यावरचा उतारा. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे लवादाचा वैध करार असेल आणि प्रतिवादीने वेळेत मागणी केली, तर न्यायालयाने प्रकरण लवादाकडे धाडले पाहिजे. एवढेच असते, तर आपली स्थिती अमेरिकेसारखीच झाली असती.

परंतु तत्पूर्वी दहा वर्षे, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला होता. त्याच्या तिसऱ्या कलमात एक साधे वाक्य होते : या कायद्याच्या तरतुदी इतर कायद्यांना जोडून आहेत, त्यांना बाध आणणाऱ्या नाहीत. इतर कायद्यांनी दिलेले उपाय राहतीलच, आणि हा आणखी एक उपाय ग्राहकाच्या पदरात पडेल, असा त्याचा अर्थ न्यायालयांनी लावला. करारात लवादकलम असले तरी ग्राहक मंचाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आणि पुढेही वारंवार सांगितले. २०१२ चा निकाल निकृष्ट बियाण्याविषयी तक्रार करणाऱ्या आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांचा होता. बियाणे महामंडळाने लवादकलम दाखविले. न्यायालयाने ते आड येऊ दिले नाही.

लवाद कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा मोठ्या कंपन्यांना नवी आशा वाटू लागली. आठव्या कलमात असे शब्द आले होते की, न्यायालयांचे पूर्वीचे निकाल काहीही असले तरी प्रकरण लवादाकडे पाठवावे. एम्मार एमजीएफ या गृहनिर्माण कंपनीने हाच मुद्दा मांडला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने तो जुलै २०१७ मध्ये फेटाळला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ रोजी सविस्तर निकालपत्राने आयोगाचे मत उचलून धरले. ग्राहक कायदा हा समाजहितासाठी केलेला विशेष कायदा आहे आणि लवादाच्या सामान्य कायद्यातील दुरुस्तीने तो झाकोळत नाही, हे त्या निकालाचे सार. संसदेने २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा केला, तेव्हा ते जुने वाक्य शंभराव्या कलमात तसेच ठेवले. पुढे तेलंगण उच्च न्यायालयातून आलेल्या एका घरखरेदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑक्टोबर २०२३ रोजी हेच आणखी स्पष्ट केले : दोन्ही पक्ष स्वखुशीने लवाद पत्करीत नसतील, तर ग्राहकाचा वाद लवादाचा विषय होत नाही. निवड ग्राहकाची. कंपनीने छापलेली ओळ ती निवड हिरावून घेऊ शकत नाही. हे सर्व निकाल घरे आणि बियाणे यांच्या प्रकरणांत झाले असले, तरी त्यांचे तत्त्व सेवेच्या प्रकारावर अवलंबून नाही. पैशांच्या ॲपलाही ते लागू पडते.

म्हणजे भारतीय ग्राहक निर्धास्त आहे काय? मला तसे वाटत नाही. कलम कायद्याने लुळे असले तरी छापलेले राहते, आणि छापील अक्षराचा दरारा मोठा असतो. ‘आपण लवाद मान्य केलेला आहे’ असे इंग्रजी उत्तर आले की, दहापैकी नऊ माणसे तक्रार गुंडाळून ठेवतात. शिवाय हे संरक्षण ग्राहक आयोगापुढे आहे. तोच माणूस दिवाणी न्यायालयात गेला, तर कंपनी आठव्या कलमाचा आधार घेऊ शकते. तेव्हा कोणत्या दारावर जावयाचे, हे आधी ठरविणे अगत्याचे असते.

दुसरी अडचण ‘ग्राहक’ या शब्दाची. व्यापारी हेतूने सेवा घेणारा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नव्हे. सराफ्यातील तो गराडूवाला आपल्या गाडीवर चौकोनी संकेतचिन्हाचा फलक लावतो, पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारे यंत्र भाड्याने घेतो. त्याचे पैसे अडकले तर तो ग्राहक की व्यापारी? केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यापारी हेतूचा मानू नये, असा खुलासा कायद्यातच आहे, आणि एकट्याने गाडी चालविणाऱ्याला त्याचा आधार मिळू शकतो. चार नोकर ठेवणाऱ्या दुकानदाराला मात्र तो मिळेलच असे नाही, आणि मग व्यापाऱ्यांसाठीच्या करारातील लवादकलम त्याच्याविरुद्ध पूर्ण ताकदीने उभे राहते. आपल्या गावोगावच्या मराठी दुकानदारांनी हा धोका ओळखावा. त्याचप्रमाणे कायद्यातील ‘सेवा’ या व्याख्येत फुकट दिलेली सेवा येत नाही. युपीआयने पैसे देणाऱ्याकडून ॲप सहसा शुल्क घेत नाही, तेव्हा हा मुद्दा प्रतिपक्ष उपस्थित करील हे गृहीत धरावे. म्हणून ज्या बँकेत आपले खाते आहे तिलाही तक्रारीत पक्षकार करणे शहाणपणाचे.

लवादापुढे जाण्याची वेळ आलीच, तर पंच कोण नेमतो हे पाहावे. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्यानेच पंच नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने, सरकारी व सार्वजनिक उपक्रमांच्या करारांचा विचार करताना, अशी एकतर्फी नेमणूक राज्यघटनेच्या चौदाव्या कलमातील समतेशी विसंगत ठरविली. कर्ज देणाऱ्या काही कंपन्या थकबाकीदाराला त्याने कधी नाव न ऐकलेल्या लवादाची नोटीस पाठवितात. अशा नोटिशीला मौन हे उत्तर नव्हे. नेमणुकीला लेखी हरकत घ्यावी आणि तिची प्रत जपावी.

बहुतेक तक्रारींत मात्र एवढ्या पुढे जावे लागू नये. युपीआयची सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिच्याबरोबर नियमही आले. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला पोहोचले नाहीत, तर पुढच्या एका दिवसात ते परत यावेत, आणि त्यानंतरच्या विलंबाबद्दल दररोज १०० रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरविले. ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहाराबाबत जुलै २०१७ मध्ये परिपत्रक निघाले : दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून त्रयस्थाकडे असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळविले, तर तोशीस ग्राहकाला नाही, ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. भुलथापांना बळी पडून ज्याने स्वतःच गुप्त अंक टाकला, त्याला हा आधार सहजी मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे.

निरनिराळ्या लोकपाल योजना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये एकत्र केल्या. त्या योजनेत तक्रारीला शुल्क ठेवले नाही. आधी कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहावयाची, मग लोकपालाकडे जावयाचे. पण तीत एक अट होती, आणि आपल्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे : तोच वाद लवादापुढे चालू असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाही. कंपनीच्या सूचनेवरून घाईने लवादाच्या कागदावर सही करणारा ग्राहक अशा रीतीने दुसरे, विनाशुल्क दारही आपल्या हाताने बंद करून बसतो.

ग्राहक आयोगाकडे जाताना तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी. २०१९ च्या कायद्याने दिलेली एक सवलत मला फार मोलाची वाटते : तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडे तो जाऊ शकतो. कंपनीचे कार्यालय बंगळूरला असो की मुंबईला, इंदूरच्या माणसाने इंदूरला, बेळगावच्या माणसाने बेळगावला तक्रार नोंदवावी. वकील सक्तीचा नाही. तक्रार संगणकावरूनही दाखल होते, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीचा सल्ला मिळतो. कराराची अटच अन्यायकारक आहे, असा मुद्दा करावयाचा असेल, तर मात्र त्यासाठी कायद्याने जिल्हा आयोग नव्हे, राज्य आयोग नेमला आहे.

व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, पडद्याचे छायाचित्र आणि पत्रव्यवहार हे सर्व तक्रारीला जोडावे. ॲपच्या अटींची त्या दिवशीची प्रतही छापून ठेवावी, कारण त्या बदलत असतात. कंपनीने उत्तरात लवादकलमाचा आक्षेप घेतला, तर प्रत्युत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात २०१९ च्या कायद्याचे शंभरावे कलम आणि १० डिसेंबर २०१८ व ९ ऑक्टोबर २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तारखांसह नमूद करावेत, आणि आपण लवादाला संमती देत नाही असे एक स्वतंत्र वाक्य लिहून त्याखाली सही करावी.